‘नाव बदला नाहीतर दहा लाख भरा’ – आत्याच्या चटणीला आलेली नोटीस

हळदीपिवळी (सांगली) | सोमवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. इथे गेली सात-आठ वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझी आत्या गावभागात राहते. घरच्या घरी कांदा-लसूण चटणी, गरम मसाला आणि भडंगाचा मसाला करून विकते. १९९८ साली तिच्या सासूबाईंनी सुरू केलेला उद्योग आहे. त्या डोक्यावर पाटी घेऊन हरभट रोडला दुकानोदुकानी जायच्या. आत्याने पाकिटं सुरू केली ती त्यांच्याच नावाने. नाव इथे लिहीत नाही, पण आमच्या गल्लीत त्या नावाने हाक मारली तर अजून तीन खिडक्यांतून तीन बायका डोकावतील, इतकं साधं.

गेल्या मंगळवारी स्पीड पोस्टाने एक जाड लखोटा आला. आत दिल्लीच्या वकिलांची सहा पानी इंग्रजी नोटीस. मसाल्यातली एक मोठी कंपनी आहे, सगळ्यांच्या घरी तिचं एखादं तरी पाकीट असतं. तिच्या एका मसाल्याचं नाव आणि आत्याच्या सासूबाईंचं नाव एकच. पंधरा दिवसांत नाव वापरणं बंद करा, शिल्लक पाकिटं आणि छापील माल नष्ट करून त्याचा पुरावा पाठवा, व्हॉट्सॲपवरची जाहिरात काढा, लेखी माफी द्या आणि १० लाख नुकसानभरपाई द्या, असं लिहिलंय. १० लाख म्हणजे आत्याची अडीच वर्षांची उलाढाल. नफा नव्हे, उलाढाल!

मी मराठीत वाचून दाखवलं. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग सासूबाईंच्या बारशाला ह्यास्नी विचारून नाव ठेवाय पायजे हुतं व्हय?” आणि डंकावरनं आलेली चटणी चाळायला बसली. रात्री मात्र झोपली नाही, हे मला माझ्या आतेभावाने सांगितलं.

तो म्हणतो, कटकट नको, नाव बदलून टाकू. मला ते पटत नाही. एक मन म्हणतं कंपनीचं नाव जाहीर करावं, होऊ दे काय व्हायचं ते. दुसरं मन म्हणतं आधी जाणकारांना विचारावं. असा अनुभव कुणाला आलाय का?

कट्ट्यावरचा_बाळू (मिरज) | सोमवार, रात्री १०.३१

ताई नाव टाका कंपनीचं. बाकी काय करू नका, फक्त नाव टाका. सकाळपर्यंत सांगली-मिरज-कुपवाडच्या समद्या ग्रुपवर फिरवतो. त्यांचा मसाला एक पुडा खपला तर मिशा काढतो. लय माज आलाय ह्यांना. मिरची आमची, हळद आमची, आन नाव तेवढं ह्यांचं?

धागा_व्यवस्थापक | सोमवार, रात्री ११.०५

अंदाजाने कंपन्यांची नावं लिहिलेले दोन प्रतिसाद काढले आहेत. धागाकर्तीने नाव दिलेलं नाही, इतरांनी ओळखायचा खेळ करू नये.

काळा_कोट (सातारा) | सोमवार, रात्री ११.४८

हळदीपिवळी, आधी आत्यांना सांगा की नोटीस म्हणजे समन्स नव्हे. कोर्टाने काहीही म्हटलेलं नाही, एका वकिलाने त्याच्या अशिलाच्या सांगण्यावरून पत्र लिहिलंय. आकडा मोठा टाकायचाच असतो, तो वाचूनच निम्मे लोक नाव बदलतात.

पण म्हणून केराच्या टोपलीतही टाकू नका. उत्तर द्यायचं, मुदतीत द्यायचं, वकिलाकडून द्यायचं.

आता कायदा. ट्रेडमार्क्स ॲक्ट १९९९ चं कलम ३४ तुमच्यासारख्यांसाठीच आहे. नोंदणी कंपनीची असली तरी तिच्या आधीपासून जो ते नाव सलग वापरतोय त्याला ती अडवू शकत नाही. ‘आधीपासून’ची मोजणी मात्र कडक आहे. कंपनीने वापर सुरू केला ती तारीख आणि नोंदणीची तारीख, या दोन्हींतली जी आधीची, तिच्याही मागे तुम्हाला जावं लागेल. नोटिशीत त्यांनी ‘अमुक सालापासून वापरात’ असं लिहिलं असेलच. ते साल कळवा.

दुसरं कलम ३५. माणूस स्वतःचं नाव प्रामाणिकपणे धंद्याला वापरत असेल, किंवा धंद्यातल्या आपल्या पूर्वसुरींचं, तर त्यालाही हरकत घेता येत नाही. इथे सासूबाईंनीच धंदा सुरू केलाय, म्हणजे त्या नुसत्या सासूबाई नाहीत, कायद्याच्या भाषेत पूर्वसुरी आहेत. (आत्यांना सांगा, आवडेल त्यांना.)

पोलीस येऊन माल उचलतील अशी भीती घरात कुणीतरी घातली असणार. तसं उठसूट होत नाही. डीवायएसपीच्या खालचा अधिकारी अशी झडती घेऊ शकत नाही, आणि त्यालाही आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. आणि कुणी उगाच दाव्याच्या धमक्या देत राहिलं तर कलम १४२ खाली आपणच कोर्टात जाऊन त्या धमक्या बिनबुडाच्या ठरवून मागू शकतो. फार कमी लोक हे कलम वापरतात.

आता खरा प्रश्न. १९९८ चा कागद काय आहे तुमच्याकडे?

हळदीपिवळी (सांगली) | मंगळवार, सकाळी ७.२०

काळा_कोट, किती आभार मानू. आत्याला ‘पूर्वसुरी’ वाचून दाखवलं, दोनदा म्हणायला लावलं तिने.

नोटिशीत त्यांचा वापर २००६ पासून आणि अर्ज २००८ चा असं लिहिलंय. म्हणजे आम्ही आठ वर्षं आधीचे. पण कागदाचं विचारू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं तेव्हा आत्याचा अख्खा तळमजला पाण्याखाली होता. बिलबुकं, वह्या, जुनी पाकिटं सगळी लोखंडी कपाटात, आणि कपाट आठवडाभर पाण्यात. जे वाचलं ते चिखलाचे गोळे होते, आम्हीच घमेल्यात भरून टाकले.

लेबलछाप (पुणे) | मंगळवार, सकाळी ९.४०

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. बारा वर्षं कंपन्यांच्या ब्रँड विभागात काढली आहेत (धाग्यातल्या कंपनीत नाही).

ही नोटीस पाठवणाऱ्या कुणीही तुमच्या आत्याचं घर पाहिलेलं नाही, चटणी चाखलेली नाही. बहुतेक मोठ्या कंपन्या ‘वॉच’ नावाची सेवा घेतात. ट्रेडमार्कच्या साप्ताहिक जर्नलमध्ये, वेबसाइटींवर, विक्रीच्या ॲपवर मिळतंजुळतं नाव दिसलं की यादी निघते. यादी वकिलाकडे जाते, तिथे ठरलेल्या मसुद्यात नाव-पत्ता घालून पत्र निघतं. अशी पत्रं गठ्ठ्याने जातात. तुमची आत्या म्हणजे त्या यादीतली एक ओळ.

आणि कंपनीला हे करावंच का लागतं, तेही ऐका. नाव सांभाळलं नाही तर ते हातचं जातं. वनस्पती तुपाला आपण सरसकट डालडा म्हणत होतो, आठवतंय? अमेरिकेत ‘एस्कलेटर’ हे एका कंपनीचं नाव होतं, १९५० मध्ये ते सगळ्यांचं झालं. ‘थर्मॉस’चं १९६३ मध्ये तेच झालं. आपल्याकडेही नंतर नोंदलेल्या नावाचा वापर माहीत असून सलग पाच वर्षं खपवून घेतला तर पुढे तक्रारीला जागा उरत नाही. त्यामुळे कायदा विभागाचं धोरण एकच असतं, दिसला की पत्र. समोर नक्कल करणारा कारखानदार आहे की पाटी घेऊन फिरलेली बाई, हे बघायला कुणाला वेळ नसतो. हा त्यांचा दोष आहे, मान्य. पण सगळेच राक्षस असतात असं नाही.

कट्ट्यावरचा_बाळू (मिरज) | मंगळवार, सकाळी ९.५२

वेळ नसतो तर १० लाखाचा आकडा टाकायला बरा वेळ मिळतो ओ.

न्यूजर्सीची_वहिनी | मंगळवार, सायंकाळी ६.१५

बाळूभाऊ, आकड्याचं बरोबर बोललात.

मूळची आष्ट्याची, त्यामुळे चटणीचा विषय म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्याकडे हेच घडलं, तेही चटणीवरूनच. इथे चिली क्रंच म्हणून प्रकार मिळतो, तेलात कुरकुरीत केलेली मिरची, लसूण, कांदा. आपल्या कांदा-लसूण चटणीची चुलत बहीणच म्हणा. चिनी, मलेशियन, थाई घरांत पिढ्यान्पिढ्या होणारी वस्तू. मोमोफुकू या प्रसिद्ध रेस्टॉरंटवाल्या ब्रँडने त्यातला एक ट्रेडमार्क विकत घेतला आणि २०२४ च्या वसंतात छोट्या उद्योजकांना पत्रं धाडली, नव्वद दिवसांत हा शब्द वापरणं बंद करा म्हणून. ज्यांना पत्रं गेली त्यांतले बरेच जण आशियाई घरांतलेच, आणि मोमोफुकूचा संस्थापक शेफ डेव्हिड चँगसुद्धा आशियाई वंशाचाच. लोकांना झोंबलं ते तेच. बाहेरच्याने केलं असतं तर एवढं लागलं नसतं.

एका मलेशियन वंशाच्या बाईने लिंक्डइनवर पत्राबद्दल जाहीरपणे लिहिलं आणि मग जो गदारोळ झाला! एप्रिलमध्येच चँगने पॉडकास्टवर माफी मागितली आणि हा ट्रेडमार्क कुणावर उगारणार नाही असं कंपनीने जाहीर केलं. ना कोर्ट, ना तारीख.

त्याआधी २०१९ मध्ये युटा राज्यातल्या बॅककंट्री डॉट कॉमचं असंच झालं होतं. डोंगरदऱ्यांत भटकायचं सामान विकणारी कंपनी. ‘बॅककंट्री’ हा शब्द ज्यांच्या ज्यांच्या नावात होता, त्या स्की बनवणाऱ्यांपासून कोर्स चालवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या मागे लागली. आता बॅककंट्री म्हणजे नुसतं आडरान! उद्या कुणी ‘घाटमाथा’ शब्दावर हक्क सांगावा तसं. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे तेच भटके लोक, तेच बहिष्काराला उभे राहिले. काही दिवसांतच कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली.

म्हणून माझं मत, नाव जाहीर करा. गप्प बसणाऱ्यांचंच नाव पुसलं जातं.

किराणा_भुसार (तासगाव) | मंगळवार, रात्री ९.०३

दुकानदाराच्या गल्ल्यावरून बहिष्कार कसा दिसतो ते सांगतो. वहिनींच्या गोष्टीत गिऱ्हाईक आणि पीडित एकाच आळीतले होते. डोंगरात जाणाऱ्याला दुसऱ्या दुकानातून दोर घेता येतो. मसाल्याचं तसं नाही. दहा रुपयांचा पुडा पोरगं घ्यायला येतं, आईने सांगितलेलं नाव घेतं, हातात जे पडेल ते घेऊन जातं. कुठल्या कंपनीने कुणाला नोटीस दिली हे त्याला कोण सांगणार?

याआधी दोन-तीन बहिष्कार बघितलेत या दुकानात. पहिला आठवडा लोक विचारतात, ‘हा त्यांचाच का?’ दुसऱ्या आठवड्यात कंपनी दहावर एक फुकट देते. तिसऱ्या आठवड्यात मीच स्कीमच्या लोभाने दोन पेट्या जास्त घेतो, खोटं कशाला बोलू. आणि मार कुणाला बसतो? सेल्समनला. कवठे महांकाळचं पोरगं आहे, टार्गेट चुकलं की पगारात कापतात. दिल्लीच्या वकिलाची फी कुणी कापत नाही.

तरीपण ताई, कंपनी कुठली ते मला खाजगीत सांगा. पुढच्या फळीवरून मागच्या फळीवर टाकायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

ऊस_आणि_द्राक्ष (पलूस) | मंगळवार, रात्री ९.४४

बटाट्याचं विसरलात का सगळे? २०१९ ला गुजरातमधल्या शेतकऱ्यांवर पेप्सिको कंपनीने केस टाकली होती, आमच्या जातीचा बटाटा का लावला म्हणून. एकेका शेतकऱ्याकडून एक कोटीच्या वर मागितले होते. एक कोटी! साबरकांठ्याच्या तीन-चार एकरवाल्याकडून! देशभर बोंब झाली, त्यांच्या लेज वेफर्सवर बहिष्कार घाला म्हणून लोक उठले, मे महिन्यात कंपनीने केसेस मागे घेतल्या. दणका बसल्याशिवाय ही माणसं खाली बघत नाहीत.

काळा_कोट (सातारा) | मंगळवार, रात्री १०.१०

एक दुरुस्ती. तो ट्रेडमार्क नव्हता, एफसी-५ या वाणावरचा हक्क होता, कायदाही वेगळा, २००१ चा. त्या कायद्यात शेतकऱ्याला बियाणं राखायची, पेरायची, विकायचीही मुभा आहे, फक्त ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही.

आणि गोष्ट मे २०१९ ला संपली नाही. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये वाण प्राधिकरणाने कंपनीची नोंदणीच रद्द केली, तेव्हा पुन्हा टाळ्या. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द करणारा आदेश फिरवून कंपनीच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा एकाही ग्रुपवर मला तो निरोप आला नाही.

पुण्याच्या बर्गर किंगचं तेच. कॅम्पातलं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासूनचं हॉटेल, अमेरिकन कंपनीचं भारतातलं पहिलं दुकान २०१४ चं. दावा २०११ चा. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या कोर्टाने कंपनीचा दावा फेटाळला आणि महाराष्ट्रभर ‘पुणेरी हिसका’ म्हणून फटाके वाजले. डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने अपील चालू असेपर्यंत हॉटेलला ते नाव वापरायला मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. यातली ऑगस्टची बातमी सगळ्यांना पाठ आहे. लोक टाळ्या वाजवून घरी गेले, हॉटेलवाल्यांच्या तारखा चालूच राहिल्या.

मी बहिष्काराच्या विरुद्ध नाही. पण लोकांचा राग आज आहे, कोर्टाची तारीख वर्षानंतर. तेव्हा हातात काय असेल ते बघा.

मिरजेचा_तंबोरा (सध्या डब्लिन) | बुधवार, पहाटे ३.३०

कागदावरून एक गंमत सांगतो. इथे आयर्लंडमध्ये सुपरमॅक्स नावाची बर्गरची साखळी आहे, १९७८ पासूनची. मालक शाळेत फुटबॉल खेळताना त्याला ‘सुपरमॅक’ म्हणायचे. ते युरोपात पसरायला निघाले तर मॅकडोनाल्ड्सने हरकत घेतली, आमच्या ‘बिग मॅक’ बर्गरशी गोंधळ होतो म्हणे. मग या पठ्ठ्याने उलट अर्ज केला, की तुम्ही तरी बिग मॅक हे नाव खरंच वापरता याचा पुरावा द्या.

आता बिग मॅक विकत नाहीत असं कोण म्हणेल? पण पुरावा म्हणून त्यांनी काय दिलं, तर स्वतःच्याच लोकांची प्रतिज्ञापत्रं, वेबसाइटच्या छापील प्रती आणि चक्क विकिपीडियाचं पान. जानेवारी २०१९ मध्ये युरोपच्या ट्रेडमार्क कचेरीने सांगितलं, हे पुरेसं नाही, आणि ट्रेडमार्क रद्द! पुढे अपिलात थोडं परत मिळालं, पण जून २०२४ च्या निकालात चिकन सँडविचसारख्या वस्तूंवरचा हक्क गेलाच. मधल्या काळात स्वीडनच्या बर्गर किंगने मेन्यूत ‘बिग मॅकसारखा, पण खरोखर मोठा’ अशा थाटाची नावं टाकून हात धुऊन घेतले.

तात्पर्य नाही, पण आत्यांना सांगा, ज्यांचं कपाट पुरात बुडालं नाही त्यांच्याकडेही कधीकधी कागद नसतो.

जाता जाता, ब्रिटनमध्ये ह्यूगो बॉस या कपड्यांच्या बड्या ब्रँडने स्वान्सीच्या एका छोट्या बिअरवाल्याला नावातल्या ‘बॉस’वरून असंच छळलं होतं. तेव्हा जो लायसेट या विनोदवीराने २०२० मध्ये कायदेशीररीत्या स्वतःचं नावच ह्यूगो बॉस करून घेतलं. बाळूभाऊ, मिशा काढण्यापेक्षा हा विचार करा.

निवृत्त_रोखपाल (विटा) | बुधवार, सकाळी ८.१५

तंबोरे साहेबांनी मजा आणली. पण मुद्द्याचं बोलू.

हळदीताई, आत्यांच्या कपाटातला कागद गेला, दुसऱ्यांच्या कपाटातला कुठे गेलाय? १९९८ साली धंदा सुरू झाला म्हणजे कधीतरी कर्ज काढलं असेल, डंकासाठी, तराजूसाठी. धंद्याच्या नावाने चालू खातं उघडलं असेल. खातं उघडायच्या फॉर्मवर धंद्याचं नाव असतं. बँकेला लेखी अर्ज द्या, ‘खाते अमुक तारखेपासून या नावाने सुरू आहे’ असा दाखला मागा. अडतीस वर्षं हेच केलंय, मिळतो. शाखा पुरात गेली असली तरी नोंद मुख्य कचेरीत सापडते.

पाकिटं छापली ती कुठल्या प्रेसमध्ये? प्रेसवाले जुना नमुना सहसा टाकत नाहीत, पुढच्या ऑर्डरला लागतो म्हणून. नगरपालिकेचा परवाना, बचत गटाच्या प्रदर्शनातला स्टॉल, दिवाळी अंकातली पाव पानाची जाहिरात, काहीही चालेल.

आणि गिऱ्हाईकं! एवढे सगळे इथे बहिष्काराला निघालात, त्यांतल्या कुणाच्या घरी जुनं बिल, जुनं पाकीट, लग्नातल्या रुखवतात मांडलेल्या चटणीचा फोटो आहे का, ते बघा की. आमच्या ह्या सगळी पाकिटं धुऊन डाळीचे डबे झाकायला वापरतात. अशा बायका सांगली जिल्ह्यात शेकड्याने सापडतील.

हळदीच्या पेटंटचंही तसंच झालं होतं. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं. डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. ‘आमची आजी लावायची’ एवढं सांगून भागलं नाही, जुने ग्रंथ, जुने छापील लेख काढून पुढे ठेवावे लागले. हरिपूरच्या पेवांतली हळद सगळ्या जगाला माहीत, पण कागदावर आहे का, हाच प्रश्न विचारला गेला.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा) | बुधवार, दुपारी १.२०

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून जरा मिठाचा खडा टाकतो. माझं मिठाईचं दुकान आहे. कंदी पेढ्यावर कुणाचा मालकी हक्क नाही, तो साताऱ्याचा. तसंच भडंग सांगलीचा. त्याबद्दल बोलत नाही. पण माझ्या आजोबांनी दुकानाला ठेवलेलं नाव पुढच्याच चौकात एकाने मागेपुढे एक अक्षर लावून घेतलं. बोर्डाचा रंग तोच, खोक्यावरचा किल्ला तोच. हायवेवरचे पाहुणे त्याचा पेढा खाऊन मला फोनवर शिव्या द्यायचे. मी नोटीस पाठवली तेव्हा आमच्याच पेठेतले लोक म्हणाले, ‘मोठा झाला म्हणून गरिबाच्या पोटावर पाय देतोय.’

लहान आहे म्हणून तो ढापत नाही असं नसतं. ट्रेडमार्क मलाही उपयोगी पडला, ऑनलाइन ४५०० रुपये भरून केलेली नोंदणी.

ताई, राग मानू नका. तुमच्या पाकिटाचा फोटो बघायला आवडेल. नुसतं नाव सारखं आहे, का बाकीचंही?

काळा_कोट (सातारा) | बुधवार, दुपारी २.०५

हाच प्रश्न मी आज विचारणार होते. ताई, फोटो इथे नको, मला खाजगीत पाठवा.

हळदीपिवळी (सांगली) | बुधवार, रात्री ११.३०

खाजगीत पाठवला. पण आता इथेही सांगते, कारण लपवून तुमची सहानुभूती घेणं बरं नाही.

आत्याचं मूळ पाकीट म्हणजे पांढरी पिशवी आणि त्यावर निळ्या शाईत नाव, खाली ‘घरगुती कांदा लसूण चटणी, सांगली’. बस. २०२१ मध्ये मी व्हॉट्सॲपवर ऑर्डर घ्यायला लागले तेव्हा मला ते गावंढळ वाटलं. कुपवाडच्या एका डिझाइनवाल्या मुलाकडून नवं लेबल करून घेतलं. लाल पाकीट, पिवळा गोल, हिरवं पान, नाव पांढऱ्या जाड अक्षरात. तो म्हणाला, ‘मॅडम, एकदम ब्रँडेड वाटेल.’ वाटलंच की. काळा_कोट यांनी कंपनीचं पाकीट आणि आमचं पाकीट शेजारी ठेवून फोटो परत पाठवला. दोन मिनिटं मलाच कळेना आमचं कुठलं.

नाव सासूबाईंचं, पण कपडे मी त्या कंपनीचे घातले होते. आत्याने त्यावेळी म्हटलं होतं, “एवढं लालभडक कशाला?” मी ऐकलं नाही.

कट्ट्यावरचा_बाळू (मिरज) | बुधवार, रात्री ११.४१

अरारारा.

लेबलछाप (पुणे) | गुरुवार, सकाळी ९.१०

आता यादीत ती ओळ कशी आली ते कळलं. नुसत्या नावाला एवढं जाड पत्र सहसा येत नाही. ताई, प्रामाणिकपणे सांगितलंत, मानलं तुम्हाला. नाव धरून ठेवा, लेबल आजच सोडा. कंपनीच्या कायदा विभागालाही ‘काहीतरी मिळवलं’ असं दाखवता येतं, मग ते नावासाठी अडून बसत नाहीत बहुतेक वेळा.

काळा_कोट (सातारा) | गुरुवार, सकाळी १०.००

सहमत. लेबलची नक्कल आणि नाव हे दोन वेगळे मुद्दे आहेत आणि उत्तरातही वेगळेच ठेवायचे. कर्नाटकातलं उदाहरण देते, सीमेपलीकडचं म्हणून तुम्हाला जवळचं. तिथल्या दूध महासंघाचं ‘नंदिनी’ दूध १९८५ पासूनचं, बंगळुरूचं ‘नंदिनी डिलक्स’ हॉटेल १९८९ चं. महासंघाने हरकत घेतली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१८ मध्ये निकाल हॉटेलच्या बाजूने लागला. नंदिनी हे देवादिकांतलं, कामधेनूचं नाव, कुणी घडवलेला शब्द नव्हे. शिवाय दोघांची चित्रं, अक्षरं वेगळी होती, माल वेगळा होता. तुमचा माल सारखाच आहे, त्यामुळे पाकीट तरी दुरून वेगळं दिसलंच पाहिजे.

दिल्लीला खेचतील याची धास्ती फार घेऊ नका. नोंदणीधारकाला स्वतःच्या गावी दावा लावायची सवलत आहे खरी, पण कंपनीचं कार्यालय वाद घडला त्याच ठिकाणी असेल तर ते सोडून लांब खेचता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितलंय. त्यांची कुठली कचेरी आपल्या भागात आहे का तेवढं शोधा.

हळदीपिवळी (सांगली) | पुढचा मंगळवार, रात्री ९.५०

आज पंधरावा दिवस. उत्तर काल गेलं.

कागद सापडले! बँकेने दाखला दिला, धंद्याच्या नावाने चालू खातं मार्च २००० पासून. खणभागातल्या प्रेसवाल्या काकांकडे पिशवीचा जुना नमुना होता, मागे पेन्सिलीने ‘५००० नग, ९-१०-२००१’ लिहिलेला. त्यांची प्रेसही पुरात गेली होती, पण नमुन्यांची फाइल ते वरच्या मजल्यावर ठेवायचे. आणि खरी कमाल या धाग्याची. इथल्या चौघांनी जुन्या वस्तू पाठवल्या. एकीने २००३ चं रोख बिल, लग्नाच्या खर्चाच्या वहीत टाचलेलं. एकाने मिलिटरीतल्या भावाला पार्सल पाठवल्याची चिठ्ठी, ‘चटणी २ किलो’, पुढे आत्याच्या सासूबाईंचं नाव. ती चिठ्ठी कोर्टात चालेल की नाही, वकीलसाहेबांनी हसून बाजूला ठेवली, पण आत्याने ती देवघरात ठेवलीय. आणि रोखपालकाका, डाळीच्या डब्यावरचं झाकण म्हणून वापरलेलं एक पाकीट खरंच आलं. वास अजून होता त्याला.

उत्तरात लिहिलंय की नाव आमचं आहे आणि राहील. लाल लेबल आम्ही स्वतःहून बंद केलंय. भरपाई आणि माफीचा प्रश्न नाही. शिवाय नोंदणीचा अर्जही टाकला, लघुउद्योगाचं ‘उद्यम’ प्रमाणपत्र होतं म्हणून ४५०० मध्येच झालं. कंपनी हरकत घेईल असं वकील म्हणतात. जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने असतात त्यांना. घेऊ देत.

कंपनीचं नाव मी जाहीर करणार नाही, निदान आत्ता. लेबल पाहिल्यावर तेवढा तोरा राहिला नाही माझा. आत्याचं मत विचाराल तर ती म्हणाली, “त्यांचा गरम मसाला बरा असतोय, पण चटणीचं त्यांना जमत न्हाई.”

लाल पाकिटं अकराशे शिल्लक होती. नोटिशीत नष्ट करा म्हटलंय म्हणून नव्हे, आम्हीच कापून टाकली. पांढऱ्या पिशव्या प्रेसवाल्या काकांनी त्याच जुन्या नमुन्यावरून छापल्या. निळी शाई थोडी गडद आलीय.

किराणा_भुसार (तासगाव) | पुढचा मंगळवार, रात्री १०.१५

पांढऱ्या पिशवीतले पन्नास पुडे पाठवा, पाव किलोचे. पुढच्या फळीवर जागा केलीय.

कट्ट्यावरचा_बाळू (मिरज) | पुढचा मंगळवार, रात्री १०.२२

मलापण अर्धा किलो. पिशवी कसली का असंना. तिखट तेवढंच हाय न्हवं?

हळदीपिवळी (सांगली) | पुढचा मंगळवार, रात्री १०.२५

ह्या वर्षी संकेश्वरी मिरची जास्त घातलीय. जपून खावा.